वांगी रंगाचा स्वेटर आणि सोबतचं वाचन : नोंदवही

५ ऑक्टोबर २०२५, निफाड

आईचं माप घेतलं. छाती ३७, खांदा १४, बाही मनगटापर्यंत १७. उंची फक्त २०, कारण साडीवर कमरेखाली उतरणारा स्वेटर तिला चालत नाही. "निऱ्यांवर फुगतो आणि मी पोत्यात भरल्यासारखी दिसते." पुढून उघडा, सहा बटणं, गोल गळा, दोन खिसे. एका खिशात रुमाल, एकात चष्मा. रंग वांग्याचा. कुठल्या वांग्याचा ते दाखवायला ती स्वयंपाकघरातून एक वांगं घेऊन आली. काटेरी, भरताचं नव्हे.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत हा स्वेटर तिनेच विणला असता. आमच्या घरातले टोपडे, मोजे, मफलर, दादाचा शाळेचा मरून स्वेटर, सगळं तिच्या हातचं. आता बोटांचे सांधे सुजतात. सुई धरली की दहा मिनिटांत अंगठा आखडतो. 'विणू नका' असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. तिनेच एक दिवस सुयांचा पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "घेऊन जा. इथे असला की हात जातो."

मुदत संक्रांतीची. निफाडची थंडी काय असते ते महाराष्ट्राला दर डिसेंबरात बातम्यांतून कळतं. पारा फार उतरला की दादा द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवतो, मणी तडकू नयेत म्हणून.

ही वही कशासाठी, तर दोन छंदांचा हिशेब लागत नाही म्हणून. विणायला बसले की पुस्तक राहतं, पुस्तक घेतलं की सुया राहतात. या वेळी दोन्ही एकदम करून बघायचंय आणि काय जमलं, काय नाही ते लिहून ठेवायचंय.

८ ऑक्टोबर

नाशिकच्या मेन रोडवरून लोकर आणली. शुद्ध लोकर, ५० ग्रॅमचे दहा गुंडे. दुकानदार म्हणाला, ताई, ॲक्रेलिक घ्या, मशीनमध्ये धुता येतं, निम्म्या किमतीत बसतं. बरोबर आहे त्याचं. आपण ज्याला सरसकट 'लोकर' म्हणतो त्यातलं बरंचसं ॲक्रेलिकच असतं. पण आईच्या मानेला ते टोचतं, आणि सुईवर ते जरा चिरकतं. शुद्ध लोकर बोटांवरून गप्प सरकते.

आईच्या डब्यातल्या दहा नंबरच्या सुया बॉर्डरसाठी ठीक आहेत. आठ नंबरची मात्र एकच सुई निघाली. दुसरी बहुधा पेटीकोटच्या नाडीच्या कामाला गेली. तशाही लांब सुया गाडीत शेजाऱ्याच्या बरगडीत घुसतात. वायरची गोल सुई, आठ नंबर, ऑनलाइन मागवली.

१२ ऑक्टोबर, निफाड

सुरुवात. पाठीचे ११० टाके घातले, दोन सुलट दोन उलट अशी दोन इंच बॉर्डर. त्यानंतर सरळ एक सुई सुलट, एक सुई उलट. (सुई म्हणजे टाक्यांची एक अख्खी ओळ.) वीण मुद्दाम साधी ठेवली आहे. वेणीचा नमुना टाकला तर दर सहाव्या सुईला डोळे खाली न्यावे लागतील आणि मग वाचणार काय?

पुस्तक : लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. सावानातून, म्हणजे आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणलं. वाचनालय १८४० चं. पुस्तक तितकं जुनं नाही, पण त्यावरचे शिक्के बघता त्याने बरीच घरं पाहिली असावीत. लक्ष्मीबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, जलालपूरच्या. आईचं माहेर त्याच बाजूला, त्यामुळे आई पुस्तकाशी पहिल्या पानापासून नात्याच्या हक्काने बोलते.

मोठा शोध आज लागला. देवघराच्या खालच्या कप्प्यात आजीचा पोथी ठेवायचा लाकडी स्टँड पडला होता. कात्रीसारखा उघडणारा, शिसवी. एका बाजूची कड तेलकट बोटांनी काळीभोर झाली आहे आणि मधल्या खाचेत अजून हळदकुंकू आहे. श्रावणात आजी त्यावर पोथी लावायची. आज त्यावर लक्ष्मीबाई बसल्या. पुस्तक आपणहून मिटत नाही, हात मोकळे राहतात. पान उलटायला मात्र सुई सोडावी लागते. तर आई म्हणाली, "तू विण, मी वाचते. माझे डोळे चांगले आहेत, बोटं गेलीत."

तिने वाचायला सुरुवात केली. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याओवळ्याचं वेड ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून पोळपाट घेऊनच बाहेर आली. अडीच तासांत पंचवीस सुया झाल्या. इतकं हसल्यावर पंचवीस बऱ्याच.

१५ ऑक्टोबर, पंचवटी एक्सप्रेस

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मी रोज नाशिकरोडहून पंचवटीने दादरला नोकरीला जाते आणि रात्री परत येते. जाऊन-येऊन साधारण सहा तास गाडीत. लोक विचारतात, कसं काय करता? त्यातले निदान चार तास माझ्या मालकीचे असतात, घरी एक तास सुद्धा नसतो.

गाडीत स्टँड नाही. वाचनालयाचं पुस्तक गर्दीत न्यायचं नाही हा माझा नियम आहे. म्हणून गाडीत मोबाइलवर वाचन. मोबाइल पर्सला टेकवून मांडीवर उभा करायचा, अक्षर मोठं करायचं. सुलट सुई न बघता जाते. उलट सुईला हात जरा चाचपडतात, तिथे एक परिच्छेद वाचून मान खाली. एका सुलट सुईत मोबाइलची चार पानं होतात, उलट सुईत अडीच.

कानात गोष्ट लावली की सगळंच सोपं होतं, पण इगतपुरी-कसारा घाटात बोगदे लागले की नेटवर्क जातं आणि गोष्ट नेमकी दाराची कडी वाजल्यावर थांबते. आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवायचं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज, निफाड

पाठीचं नऊ इंच विणकाम अभिमानाने नेलं. आईने ते मांडीवर पसरलं, दोन्ही कडांना ताणलं आणि शांतपणे विचारलं, "हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मग खाली मी आहे आणि वर दादाची म्हैस आहे का?"

मोजलं. बॉर्डर ठीक. त्यावरचा भाग साडेचोवीस इंच रुंद. हवा होता वीस.

"नमुन्याचा चौकोन विणला होतास आधी?"

नव्हता विणला. तीस वर्षं विणतेय, चौकोन कशाला, असा माज होता. इंचाला साडेपाच टाके येतात हे पाठ होतं, कारण आठ नंबरच्या सुईवर या जाडीच्या लोकरीचे तेवढेच येतात. इथे मोजले तर साडेचार.

घोटाळा सुईत. आपल्याकडे चालतात ते जुने इंग्रजी नंबर. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते : आठ म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नंबर उलटे चालतात, नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांचा आठ म्हणजे ५ मिलिमीटर. मी मागवली ती अमेरिकन आठ होती. पाकिटावर मिलिमीटर छापलेले असणारच, पण पाकीट मी उघडल्या उघडल्या फेकलं होतं. एका मिलिमीटरने माझ्या आईची म्हैस केली.

ओवाळणी झाली, बासुंदी झाली, आणि दुपारी अंगणात बसून मी सगळं उसवलं. दादाच्या मुलीला उसवायला फार आवडलं. ती लोकर ओढत अंगणभर पळत होती आणि आई ओरडत होती, "अगं, धुळीत नको!" अकरा दिवसांचं काम वीस मिनिटांत संपलं. आधीची बॉर्डर वाचवता आली असती, पण तिच्याकडे बघायची इच्छा राहिली नाही.

२७ ऑक्टोबर

उसवलेली लोकर मॅगीसारखी कुरळी होते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, कोमट पाण्यात भिजवली, खाली ओला नॅपकिन बांधून टांगली. दोन दिवसांत सरळ.

२ नोव्हेंबर

नवी सुई, मिलिमीटर बघून. चौकोन विणला. चार इंचांत बावीस टाके. पुन्हा ११० घातले.

मध्ये पाच दिवस सुईवर काही नव्हतं तेव्हा नुसतं वाचलं. हात रिकामे असताना वाचायला बसले तर दर पाच मिनिटांनी हात मोबाइलकडे जातो. सुया असल्या की जात नाही. ही नोंद माझ्यासाठी नवीन आहे. विणकामामुळे वाचन मागे पडतं अशी माझी इतकी वर्षं तक्रार होती.

१४ नोव्हेंबर, गाडीत

लक्ष्मीबाई रविवारच्या. सोम ते शुक्र गाडीत रहस्यकथा सुरू केल्या आहेत. घरात त्याची परंपराच आहे : आई लग्नाआधी बाबुराव अर्नाळकर उशीखाली ठेवून वाचायची. त्या माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या निम्म्या आपण वाचल्या असा आईचा दावा आहे. मी विश्वास ठेवते असं दाखवते.

आता वाचतेय ती एका बंगल्यातल्या खुनाची. खून कुणी केला ते मला कळलंय. फक्त कथेतल्या इन्स्पेक्टरला अजून कळलेलं नाही, त्यामुळे फार वैताग येतो. पाठ बारा इंच झाली.

१६ नोव्हेंबर, निफाड

आज जे झालं ते सविस्तर लिहायला हवं.

आईने पाठ मांडीवर घेतली. आता ती डोळ्यांनी बघत नाही, चष्मा काढून ठेवते आणि सुजलेल्या बोटांची पेरं कापडावरून खालून वर नेते. अगदी हळू, भाकरीला कुठे चीर आहे का ते बघावं तशी. बॉर्डर संपल्यावर दोन इंच गेली आणि थांबली.

"इथे काय झालं होतं? टाके आवळलेत."

मी बघितलं. मला काही दिसेना. तिने माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. खरंच, बोटाला एक पट्टा लागला. जरासा टणक, दाट. त्याच्यावर दोन बोटं सैल, मऊ. पुन्हा टणक. तिने बटणांच्या डब्यातल्या टाचण्या मागितल्या आणि पट्टे सुरू होतात तिथे एकेक टोचत गेली.

मग आम्ही वहीशी ताडून पाहिलं. मी दर दिवशी किती सुया झाल्या ते लिहिते, त्यामुळे हिशेब लागला. सैल पट्टे म्हणजे ती वाचते आणि मी विणते ते रविवार. टणक भाग गाडीतला. आणि सगळ्यात आवळलेला, जिथे कापड किंचित आत ओढलं गेलंय, तो गेल्या गुरुवार-शुक्रवारचा. इन्स्पेक्टर तळघरात उतरला होता ना.

कारण काही गूढ नाही. लोकर डाव्या हाताच्या करंगळीला वेढा घेऊन तर्जनीवर येते. सगळा ताण त्या वेढ्यावर असतो. मन धास्तावलं की मूठ आवळते, करंगळी दाबली जाते, टाक्याला लोकर कमी मिळते. हसताना हात सुटतो. माहीत होतं हे, पण असं बोटाखाली कधी आलं नव्हतं.

"तुझे बाबा आजारी होते तेव्हा मी दादाचा निळा स्वेटर विणत होते," आई म्हणाली. "त्याची डावी बाही घालून बघ कधी. दंडाला काचते."

तो स्वेटर अजून कपाटात आहे. मी काढला नाही.

२५ नोव्हेंबर, कसारा

परतीची गाडी. कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागेपर्यंत गाडी थांबते, कारण पुढे थळ घाटाचा चढ आहे, सदतीस फुटाला एक फूट. ती पाच-सात मिनिटं मी टाके मोजायला ठेवलेली असतात. इंजिन येऊन जोडलं गेलं की मागून एक हिसका बसतो. रोजचा आहे, तरी आज विसरले. सुईचं टोक निसटलं आणि उजव्या पुढच्या भागाचा एक टाका गळला. गळला तर गळला, पण गाडीच्या थरथरीने तो खाली खाली धावत गेला. अकरा सुया. मधोमध शिडी उभी राहिली.

क्रोशाची सुई घरी. समोरच्या काकूंनी न विचारता अंबाड्यातून आकडा काढला, त्याचं एक टोक दाताने जरासं वाकवलं आणि माझ्या हातात दिला. अंबाडा सुटू नये म्हणून पुढचं सगळं बोलणं त्यांनी एक हात डोक्यावर ठेवून केलं.

शिडी चढायची ती अशी : तळाचा गळलेला टाका आकड्यात धरायचा, वरची आडवी लोकर आकड्याने पकडायची, टाक्यातून पुढे ओढायची. एक पायरी झाली. मग पुढची. सुलट बाजूने करायचं, नाहीतर उलट टाका पडतो. वांगी रंगावर रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये आडव्या लोकरीच्या पायऱ्या एकमेकींत मिसळतात, म्हणून डब्यातल्या एका काकांनी मोबाइलचा टॉर्च धरला. हे काका रोज मला विचारतात की बाजारात सहाशेला मिळतो, तिबेटी लोकांचे स्टॉल लागलेत, एवढी खटपट कशाला. आज काही विचारलं नाही, टॉर्च स्थिर धरून होते. सातव्या पायरीला बोगदा लागला, अकरावी पायरी इगतपुरीच्या आधी झाली. डब्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आकडा परत करायचा राहिला. काकू आठवडाभर दिसल्या नाहीत. पर्सच्या खणात आहे.

३० नोव्हेंबर, निफाड

दादाच्या रिकाम्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसल्या आहेत. चार रात्रींचा करार, लेंड्यांचं खत रानाला, धान्य-पैसे त्यांना. आईने दारातून त्या बघितल्या आणि मला विचारलं, "दारात एवढी लोकर उभी असताना तू ऑस्ट्रेलियाची कशाला आणलीस?"

चांगला प्रश्न आहे. दख्खनी मेंढीची लोकर राठ, आखूड धाग्याची. दोन सुयांवर विणून अंगाला लावली तर खाजवत बसावं लागेल. तिची जागा घोंगडीत. बायका चरख्यावर सूत काढतात, सनगर खड्डा मागावर विणतात, आणि ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात म्हणून नवं घोंगडं पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. वापरून वापरून मऊ होतं. आजोबांचं घोंगडं अजून माळ्यावर आहे. पावसात डोक्यावर खोळ करून घेतलं की पाणी वरच्यावर घरंगळायचं, म्हणून शेतकरी रेनकोट घेत नसत.

मेंढक्याशी थोडं बोलले. लोकरीला भाव नाही, म्हणाला, कातरायची मजुरीसुद्धा सुटत नाही. अंगावर वाढली की मेंढीला त्रास म्हणून कातरायची. त्याच्या कातरीने काढलेला एक काळा पुंजका त्याने मला दिला. हातात तूप लावल्यासारखा चिकट, वास घरभर. आईने तो उन्हात ठेवला आणि दोन बोटांत पीळ देऊन वीतभर सूत काढून दाखवलं. चरखा नाही, टकळी नाही, सुजलेला अंगठा आणि तर्जनी. मग हात झटकला. दुखलं असणार.

वाचन पुढे गेलं नाही. विणकाम दोन सुया.

९ डिसेंबर

लोकर कमी पडणार. उसवाउसवीत धुळीने माखलेला भाग तोडून टाकला होता, तो आता आठवतोय. दुकानात गेले, तोच रंग, तोच नंबर, पण रंगवणीचा लॉट वेगळा. दुकानात सारखाच दिसला. घरी खिडकीत धरला तर जुना काटेरी वांगं आणि नवा भरताचं. नवा गुंडा गळा, बटणपट्टी आणि खिशांच्या बॉर्डरला वापरायचा. मुद्दाम केलंय असं वाटेल. आईला सांगायचं नाही.

१४ डिसेंबर, निफाड

बाह्या. मी एक संपवून दुसरी घेणार होते. आईने अडवलं : "दोन्ही एकदम चढव. नाहीतर एक बाही अर्नाळकरांची होईल आणि एक लक्ष्मीबाईंची." वायरच्या सुईवर दोन्ही बाह्या शेजारी शेजारी, दोन वेगळे गुंडे. दर सुईला आधी डावी, मग उजवी. जे काय आवळायचं-सुटायचं ते दोन्हीकडे सारखं. गाडीत दोन गुंडे एकमेकांत गुंततात, त्यावर उपाय म्हणून एक उजव्या पिशवीत, एक डाव्या.

आज पुस्तकात १८९५ साल आलं. लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. आतापर्यंत ज्या आवाजात आई वाचत होती, त्याच गमतीच्या सुरात ती या भागातही शिरली आणि मग तिचा आवाज खाली खाली गेला. एका ठिकाणी ती थांबली, चष्मा पुसला, पुन्हा तेच वाक्य वाचलं. स्टँडवर पुस्तक तसंच उघडं ठेवून चहा करायला गेली. मी सुया हातात धरून बसले होते. नंतर मोजलं तर त्या तासाभरात एकही सुई झाली नव्हती.

चहा घेताना आई म्हणाली, "बाई शाळेत कधी गेली नाही. अक्षर शिकली ते लग्नानंतर, नवऱ्याकडून. आणि लिहिलं बघ कसं. कुठे गाठ दिसते का?"

२१ डिसेंबर

पुस्तकाची मुदत वाढवून आणली. तिसऱ्यांदा. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "वाचताय की पाठ करताय?"

२८ डिसेंबर, निफाड

थंडी जबरदस्त. दादा पहाटे तीनला बागेत. मी आणि आई दोघी गोधडीत, स्टँड मध्ये. बोटं गार पडली की टाके आपोआप आवळतात, त्याला पुस्तक जबाबदार नाही, हे नमूद करते. बाह्या कोपरापर्यंत. आईच्या अंगावर जुनाच, कोपरात विरलेला स्वेटर, त्यावर शाल. मला बघवत नव्हतं आणि ती म्हणे, "घाई करू नकोस. घाईसुद्धा कळते बोटाला."

११ जानेवारी २०२६

शिवण. विणण्यातली सगळी मजा इथे संपते. खांदे जोडले, मुंढ्यात बाही बसवली, उसवली, परत बसवली. डावा मुंढा उजव्यापेक्षा दोन सुया लांब निघाला. तो इन्स्पेक्टर. शिवणीत जिरवला. या कामाच्या वेळी वाचन अशक्य, ऐकणं सुद्धा नको वाटतं.

१४ जानेवारी, संक्रांत

झाला नाही. गळा बाकी, बटणं बाकी. आईला फोनवर तिळगूळ दिला. "गोड बोल," ती म्हणाली, "आणि स्वेटरचं विचारलं की विषय बदलू नकोस."

१८ जानेवारी

धुतला. शांपूच्या कोमट पाण्यात अर्धा तास, चोळायचा नाही, पिळायचा नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर चालले. मग पलंगावर जुनी चादर, त्यावर स्वेटर मापाप्रमाणे ओढून, कडांना टाचण्या. छाती ४०, उंची २०, बाही १७. मोजून तीन वेळा.

लोकर ओली झाली की टाके एकमेकांत सावरून बसतात. जास्तीची लोकर सैल टाक्यातून शेजारच्या आवळलेल्याकडे थोडी सरकते. तीन दिवसांनी, वाळल्यावर, डोळे मिटून पाठीवरून बोट फिरवलं. रविवार कुठे आणि शुक्रवार कुठे ते मला सापडलं नाही.

२५ जानेवारी, निफाड

आईने घातला. निऱ्यांच्या वर बरोबर दोन बोटं थांबतो. सहा बटणं लावायला तिला वेळ लागला, मी मदतीला हात पुढे केला तो तिने बाजूला केला. खिशात चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला.

बटणपट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "ही लोकर वेगळ्या लॉटची आहे."

मग स्वेटर अंगावर असतानाच डावा हात पाठीमागे नेला, जेवढा वळतो तेवढा, आणि कमरेपासून वर चाचपत राहिली. मी श्वास धरून. बऱ्याच वेळाने हात एका जागी थांबला.

"तळघर," ती म्हणाली.

पुस्तकाची शेवटची ऐंशी पानं राहिली आहेत. वाचनालयाची मुदत ३१ तारखेपर्यंत. पुढच्या रविवारी मोज्यांचे टाके घालते, म्हणजे ती वाचेल.